घसारा कुणाचा

"मशीन परभणीवरून निघालं!" महारुद्रनं ओट्यावरूनच आरोळी ठोकली आणि आत स्वयंपाकघरात धुरपताबाईंच्या हातातला वडा कढईत असा पडला की तेल पार भिंतीपर्यंत उडालं.

"आज?" त्या म्हणाल्या. "आज सर्वपित्री हाय, बाबा. पितराच्या दिवशी नवं लोखंड दारात आणायलास व्हय?"

"दारात कुटं आणायलोय, माय? टेम्पो मिलच्या फाटकाबाहेर उभा राहील. उद्या तुझे घट बसले की आत घेऊ. तुझ्या राजीनंच सांगितलंय, उद्या मशीन फिरलंच पाहिजे मनून."

तुझ्या राजीनं! राजेश्री भज्यांचं पीठ कालवत होती, तिचा हात तिथंच थांबला. पण खोटं काय होतं त्यात? या सगळ्या घाईचं मूळ तिच्याच तोंडातून निघालेलं होतं, आणि गेले पंधरा दिवस ती स्वतःलाच शिव्या घालत होती.

वालूरच्या रस्त्याला अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, बन्सीधररावांनी, डाळ मिल बांधली होती. ते गेल्यावर मिल कागदोपत्री धुरपताबाईंच्या नावावर आली. चालवायला घरातलं कुणी नव्हतं, म्हणून ती मशीनसकट दिनकररावांना भाड्यानं दिली. मिलच्या मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या या मायलेकींचं घर त्या भाड्यावर चालायचं. राजेश्री चारठाण्याच्या सासरी नांदत होती तोवर ठीक होतं. नवऱ्यानं दुसरी आणून घरात बसवली, तेव्हा हिनं कमरेच्या किल्ल्या त्याच्या अंगावर फेकल्या आणि ट्रंक घेऊन मिळेल त्या एसटीत बसली. आता सेलूला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात लोकांची रिटर्न भरायचं काम करायची. पगार असा की एसटीचा पास आणि दोन साड्यांत संपायचा.

उन्हाळ्यात मिलचं मोठं मशीन बंद पडलं. दुरुस्त केलं, पुन्हा पडलं. दिनकरराव सरळ माणूस, त्यांनी सरळच सांगितलं, "काकू, मशीन बदला. नाहीतर दिवाळीला मी मिल सोडतो. मूग घेऊन येणाऱ्या लोकांना मी किती दिवस परत लावू?" मिल सुटली म्हणजे भाडं सुटलं. मायजवळ पैसा नव्हता. उद्धव, धाकटा, परभणीला जिल्हा परिषदेत कारकून, फ्लॅटच्या हप्त्यांत गळ्यापर्यंत बुडालेला. पैसा होता तो महारुद्रकडं. जिंतूरला त्याचं खत-बियाण्याचं दुकान भरभरून चालायचं. तो काही केल्या पैसा सोडेना, म्हणून राजेश्रीनं त्याला फोन करून आपली सगळी हुशारी ओतली.

"भाऊ, नुसतं घर भाड्यानं दिलं तर घसारा मिळत न्हाई. पण आपली मिल मशीनसगट दिलेली हाय. मशीन दरसाल झिजतं असं सरकार धरतं, अन् तेवढी झीज कमाईतून वजा करू देतं. जुनं भंगारात जेवढ्याला गेलं ते वजा करायचं, नव्याची किंमत मिळवायची, राहील त्याच्यावर घसारा काढायचा. यंदा घटस्थापनेपर्यंत मशीन चालू झालं तर मार्चअखेरपर्यंत एकशेऐंशी दिवस भरतात, मनून साऱ्या वर्षाचा मिळतो. एक दिवस पुढं गेला की निम्मा."

"कुणाला मिळतो?" महारुद्रनं विचारलं.

"मशीन ज्याचं त्याला."

किती सहज बोलून गेली ती! दुसऱ्याच दिवशी महारुद्र पैसे द्यायला तयार झाला आणि तिला वाटलं, आपण लय मोठी लढाई मारली. आठ दिवसांनी त्याचा निरोप आला: पैसे मी घालतो, बिल माझ्या नावानं. आईला कर लागतच नाही, तिला घसारा घेऊन काय करायचाय? मला लागतो, माझा वाचेल.

परभणीचा मशीनवाला लिंबाजी हा धुरपताबाईंचा माहेरकडचा मावसभाऊ. तो म्हणाला, "मिल अक्काच्या नावावर हाय. अक्का सांगेल त्या नावानं बिल करतो." मग धुरपताबाईंनी त्याला फोन केला. काय सांगितलं, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. महारुद्र धरून चालला होता की आपलंच नाव सांगितलं असणार. थोरल्या लेकाला दुसरं काही धरून चालायची सवयच नव्हती.

"राजे," धुरपताबाईंनी वडा उलटत विचारलं, "ह्यो घसारा घसारा करायलेत सगळे. मशीन झिजतं मनून सरकार सूट देतं मनं?"

"हौ."

"अन् माणूस झिजलं तर?"

"माणसाला न्हाई, माय."

"लय शहाणं सरकार हाय," धुरपताबाई म्हणाल्या आणि पुढचा वडा सोडला.

राजेश्रीला हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. तिचं सगळं लक्ष बाहेर होतं. बिल महारुद्रच्या नावानं आलं की काय काय होईल, हे तिनं रोज एसटीत बसून मनाशी घोळलं होतं. तिला उपाशी राहायची भीती नव्हती, महारुद्र तेवढा वाईट नव्हता. तिला त्याच्या ताटातलं खायची भीती होती. आज साखर संपली म्हणून दुकानात निरोप पाठवायचा, उद्या चपला तुटल्या म्हणून वहिनीच्या तोंडाकडं बघायचं. त्यापेक्षा चारठाणा काय वाईट होतं?

बारा वाजता पान वाढलं. खीर, वडे, भजी, कढी, गवार, भोपळा, अण्णांना आवडायची म्हणून कारल्याची भाजी. उद्धवनं घास पत्र्यावर ठेवला. कावळा जणू टपूनच बसला होता. उद्धवचा हात मागं येतो न येतो तोच त्यानं वडा उचलला आणि लिंबावर जाऊन बसला.

"बगा," उद्धव म्हणाला, "अण्णांचं काही मागणं न्हाई आपल्याकडं. पोटभर जेवले अन् गेले."

"त्यांना काय," धुरपताबाई म्हणाल्या, "निस्तरायला मी हाय ना मागं."

जेवणं झाली. ओट्यावर सतरंजी टाकली आणि सुपारी फिरली. दिनकररावही जेवायला होते. ते भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटून घेतले, पण कान उघडे होते. उद्धवची बायको श्रद्धा आतून हात पुसत आली आणि खांबाला टेकली. ती परभणीला शाळेत शिकवायची. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला पाणी मागायला लावायची.

"काय भाऊजी," ती महारुद्रला म्हणाली, "झालं ना सगळं तुमच्या मनासारखं?"

"माझ्या मनासारखं काय त्यात? मिल बंद पडायलीती. मी पैसा घातला, ती चालू राहणार. माझा थोडा कर वाचणार. कुणाचं काही वाईट झालं का ह्यात?"

"न्हाईच की," उद्धव म्हणाला. तो नेहमी शेवटी बोललेल्याच्या बाजूनं असायचा. "भाऊचं बरोबर हाय. आईच्या नावावर घसारा घातला तर पाण्यातच. तिला कर कुटं लागतोय?"

राजेश्री उंबऱ्यात उभी होती. गप्प बसायचं असं तिनं सकाळपासून दहा वेळा ठरवलं होतं. पण भाऊचं बरोबर हाय हे ऐकलं आणि तिच्या टाळक्यात सणक गेली.

"बरोबर न्हाई ते," ती म्हणाली. "भाऊ, तुला घसारा मिळायचाच न्हाई."

"का?"

"अरे, मशीन तुझं, अन् भाडं मायच्या खात्यावर. मग तू घसारा कशातून वजा करणार? मशीन ज्याचं, त्यानं त्याचं भाडंही स्वतःच्या कमाईत दाखवावं लागतं. भाडं मायचं अन् झीज तुझी, असं कुणी चालू देत न्हाई. आमच्या ऑफिसात रोज बघते मी."

ती दमून थांबली. आता बोलती बंद झाली याची, असं तिला वाटलं. महारुद्रनं सुपारीचं खांड दाढेखाली फोडलं, थोडा विचार केला आणि मान हलवली.

"मंग सोपं हाय," तो म्हणाला. "भाडंबी माझ्या नावावर घेऊ. दिनकरराव, करार नवा करायचाच होता ना? माझ्या नावानं करू."

दिनकररावांनी डोळे उघडले. "तुमी घरातले ठरवा. मला मशीन पाहिजे."

 हे महारुद्रच्या डोक्यात नव्हतं! देवाशपथ नव्हतं. त्याला मशीन घ्यायचं होतं, थोडा कर वाचवायचा होता, बस्स. भाड्यापर्यंतची वाट राजेश्रीनं स्वतः त्याला बोट धरून दाखवली होती. दुसऱ्यांदा! या जिभेला डाग द्यावा असं तिला वाटलं.

"अन् माझं? मायचं?" तिनं कसंबसं विचारलं.

"अगं, मी काय मेलो का?" महारुद्र खराखुरा दुखावला. "तुमाला काय पाहिजे ते सांगा, मी आणून टाकतो. किराणा, दवाखाना, कपडालत्ता. तुला काय कमी करणार हाय का मी? सख्खा भाऊ हाय तुझा!"

"मला काय पाहिजे ते सांगायचंच न्हाई मला, भाऊ. तेच तर."

"मंजे?"

ते त्याला कळेना, आणि तिला सांगता येईना. तेवढ्यात श्रद्धा खांबापासून सुटी झाली.

"एक मिनिट, भाऊजी. भाडं तुमच्या नावावर गेलं तर उद्या मिलच तुमची मनायला मोकळे सगळे. मग आमचं काय? ह्यांचा हिस्सा हाय ना मिलमध्ये?"

"हिस्सा!" महारुद्र म्हणाला. "पैसा घालायच्या वेळी कुटं होता हिस्सा?"

"भाऊ, श्रद्धा मनते ते बरोबर हाय," उद्धव लगेच म्हणाला. आता शेवटी श्रद्धा बोलली होती ना! "असं करू. बिल दोघांच्या नावानं करू. तुझं अन् माझं. भाडं निम्मं निम्मं. घसारा निम्मा निम्मा. माझ्या वाटचे पैसे मी तुला हळूहळू देतो."

"हळूहळू मंजे कवा? पुढच्या सर्वपित्रीला?"

"खामखा टोमणे मारू नको."

"बरं, चालतंय. दोघांच्या नावानं करू," महारुद्र एकदम म्हणाला. त्याला भांडण नको होतं, त्याला उद्या मशीन फिरायला हवं होतं. "लिंबाजीमामाला फोन लावून बदलून घेऊ. मिटलं?"

मिटलं! दोघांचं मिटलं. ओट्यावर एवढी माणसं होती, पण कुणी राजेश्रीकडं पाहिलं नाही. श्रद्धानं पाहिलं, पण ते पाहणं न पाहण्यापेक्षा वाईट होतं. थोड्या वेळापूर्वी एका भावाच्या ताटाची भीती होती, आता दोन ताटं झाली. धुरपताबाई दारात बसून तांदूळ निवडत होत्या. उद्याच्या घटासाठी परडीत काळी माती चाळून ठेवलेली होती, तिच्यावर झाकण होतं. त्यांनी मान वर केली नाही. माय काहीच बोलत नाही याचा राजेश्रीला इतका राग आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला.

सगळे उठून फाटकाकडं गेले. ताडपत्रीखाली मशीन झाकलेलं, दोरखंडांनी आवळलेलं. ड्रायव्हर खाली उतरला, घाम पुसला, हातातले कागद चाळले.

"बन्सीधरराव कोण हाय?" त्यानं विचारलं. "सही पाहिजे त्यांची."

ड्रायव्हरनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

"बन्सीधरराव कुटं हायत? घरी न्हाईत का?"

"आत्ताच जेवून गेले," उद्धव म्हणाला.

दिनकररावांना आधी ठसका लागला, मग हसू फुटलं, आणि ते आवरेना म्हणून ते टेम्पोच्या मागं गेले. महारुद्रनं ड्रायव्हरच्या हातातून कागद हिसकावला. वाचला. पुन्हा वाचला. त्याचा चेहरा लाल झाला.

"माय!" तो ओरडला. "अण्णांच्या नावानं बिल केलंय! मेलेल्या माणसाच्या नावानं! लिंबाजीमामाला भांग चढली होती का काय?"

"त्याला काय बोलू नको," धुरपताबाई मागून सावकाश येत म्हणाल्या. "मीच सांगितलं."

"तू?"

"मीच."

"अगं माय, का पण?" राजेश्रीच्याही तोंडून निघालं. "अण्णांना घसारा कसा मिळणार?"

धुरपताबाईंनी पदर खोचला आणि सगळ्यांकडं एकदा नीट पाहून घेतलं.

"तर काय करू मी? हा महारुद्र रोज सकाळी फोन करायलाय, माय, माझं नाव सांग. ह्या उद्धवला वाटतं मला कळत न्हाई, तो संध्याकाळी फोन करतो, आई, घाई करू नको, माझंबी बघ. अन् ही राजी. ही तोंडानं काही बोलना, नुसती माझ्याकडं बघायली. जेवताना बघायली, झोपताना बघायली. मी एकाचं नाव घेतलं की दोघं तुटणार. मंग ज्याचं कुणाशी भांडण न्हाई, त्याचं नाव सांगितलं. आजवर घरात जे आलं ते त्यांच्याच नावानं आलं. सायकल आली त्यांच्या नावानं, म्हैस घेतली त्यांच्या नावानं. आलं हेबी."

महारुद्रनं कपाळावर हात मारला आणि फोन काढला. लिंबाजी उचलायच्या आधीच त्याला शिव्या सुरू झाल्या होत्या.

"अरे बाबा, ओरडू नको," लिंबाजीचा आवाज आला. "दाजींच्या नावानं खातं जुनंच हाय माझ्याकडं. अक्का मनली, त्याच नावानं कर. पोऱ्यानं करून टाकलं. मोडतो हे बिल, दुसरं करतो. पण आत्ताच्या आत्ता नाव सांगा. दुकान बंद करायलोय, उद्या घट हायत माझ्याबी घरी."

"माझं अन् उद्धवचं," महारुद्र म्हणाला.

"अक्का मनू दे."

महारुद्रनं फोन आईपुढं धरला.  मिलच्या पत्र्यावर कबुतरं फडफडली. धुरपताबाईंनी राजेश्रीकडं पाहिलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. राजेश्री मनातल्या मनात विनवत होती. घे माय, घे माझं नाव. एकदा घे. मी काही मागितलं नाही आजवर, हे एवढं घे.

"लिंबाजी," धुरपताबाई फोनमध्ये म्हणाल्या, "लिही. धुरपताबाई."

"तुझं?"

"माझं. मिल माझी हाय ना कागदावर? मंग मशीन दुसऱ्याचं कामून?"

"बरं. धुरपताबाई, पुढं?"

"पुढं बन्सीधर. पण आधी माझं लिही."

फोन बंद झाला. महारुद्रनं फोन खिशात कोंबला. मग तो फुटलाच.

"माय, तुला कर लागत न्हाई! सगळा घसारा फुकट जाणार! अन् पैसा माझा हाय, कळतंय का तुला? माझा!"

"उसना दिलास तू. भाड्यातून दर म्हैन्याला फेडीन. राजी आणून देत जाईल जिंतूरला, तुझ्या गल्ल्यावर. मोजून घेत जा."

"मी माझ्या आईला उसने देऊ?" महारुद्रचा आवाज चिरकला. "लोक काय मनतील?"

"मंग फुकट दे," धुरपताबाई म्हणाल्या.

उद्धव हसला. महारुद्रनं त्याच्याकडं असं पाहिलं की ते हसू जागच्या जागी विरलं. मग तो तरातरा आपल्या मोटारसायकलकडं गेला, किक मारली, आणि जिंतूरच्या रस्त्याला धुरळा उडवत निघून गेला. चहासुद्धा न पिता. श्रद्धानं "चला, आपल्यालाही उशीर होतोय" म्हटलं आणि तीही आत पिशवी भरायला गेली. पण जाता जाता सासूजवळ थांबून ती म्हणाली, "आई, हे बरं केलंत तुमी." तिला त्यात स्वतःचं बरं दिसलं असेल, पण म्हणाली खरी.

राजेश्री मात्र मागच्या खोलीत जाऊन ट्रंकेवर बसली आणि रडली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. भाडं राहिलं होतं, घर राहिलं होतं, जे हवं होतं ते सगळं राहिलं होतं. तरी ती रडत होती.

धुरपताबाई दारात आल्या.

"तुला वाटलं, मी तुझं नाव घेईन."

"न्हाई," राजेश्री म्हणाली. मग म्हणाली, "हौ."

"घेतलं असतं. मंग ह्या दोघांनी एक होऊन तुला कोर्टात वढलं असतं. आज भांडायलेत ते उद्या गळ्यात गळा घालून वकिलाकडं गेले असते. मला कोण वढतंय? माझ्या अंगावर यायची हिंमत न्हाई एकाचीबी." त्या खाली बसल्या, गुडघे चोळत. "अन् हे बघ. त्यांच्या नावावर गेलं तर आपल्याला मागावं लागतं. माझ्या नावावर राहिलं तर मला देता येतं. एवढं तरी कळतं मला. तुझ्या ऑफिसात गेले न्हाई मनून काय झालं?"

राजेश्रीनं डोळे पुसले. तिला मायच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण एवढ्या वर्षांत ती सवय मोडली होती. तिनं नुसता हात धरला.

दुसऱ्या दिवशी घट बसले. धुरपताबाईंनी परडीतल्या मातीत गहू पेरला, कलश ठेवला, दिवा लावला, आणि तसल्याच ओल्या हातांनी फाटकाशी आल्या. टेम्पो आत घेतला. पाया आधीच भरून ठेवलेला होता. फिटर लोकांनी मशीन उतरवून त्याच्यावर बसवलं, बोल्ट आवळले, पट्टा चढवला. दुपारी लाईट गेली. राजेश्री पळतच मीटरच्या खोलीकडं गेली. आज फिरलं नाही तर निम्मा घसारा. मग तिच्या लक्षात आलं की निम्मा काय नि पुरा काय, मायला कशाचाच उपयोग नाही. तरी ती मीटरच्या खोलीपुढं येरझाऱ्या घालत राहिली. का ते तिला सांगता आलं नसतं. लाईट आली तेव्हा तिनं देवाला हात जोडले.

उद्धवनं सकाळी परभणीहून आणलेलं नवं बिल घेऊन ड्रायव्हर धुरपताबाईंपुढं आला. "सही करा, आजी. अंगठाबी चालंल."

"अंगठा कामून? सही येती मला."

त्यांनी पेन धरलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही मतदान आणि बँक सोडून कुठं लागली नव्हती. एकेक अक्षर त्या जपून काढत होत्या. ड्रायव्हर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिला.

"आवरा आजी, मला परभणी गाठायचीय."

"थांब की जरा. जन्मात पहिल्यांदा काहीतरी इकत घेतलंय मी. निवांत घेऊ दे."

महारुद्र आला तेव्हा फिटर शेवटचा बोल्ट आवळत होते. आत आला नाही. फाटकाबाहेर मोटारसायकलवरच बसून राहिला, तोंड फुगवून. पण पिशवीत नारळ आणला होता. तो त्यानं उद्धवच्या हाती आत पाठवला. उद्धव सकाळच्या एसटीनं एकटाच आला होता. कुणाच्या बाजूनं ते त्याचं अजून ठरलेलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आत मशीन फिरलं. पहिल्यांदा घरघरलं, मग सूर धरला. दिनकररावांनी पोतं ओतलं आणि खाली मुगाची पिवळी डाळ पडायला लागली. सगळी मिल थरथरत होती. महारुद्रला राहवलं नाही. तो आत आला, मशीनला हात लावून पाहिलं आणि त्या आवाजातच राजेश्रीच्या कानाशी ओरडला:

"मिळाला का पुरा घसारा?"

"मिळाला!"

"कुणाला?"

"मायला!"

"तिला काय उपयोग त्याचा?"

एवढ्या घरघरीत धुरपताबाईंना ऐकू गेलं असेल असं कुणालाच वाटलं नाही. त्यांनी डाळीची ओंजळ भरून पाहिली, तोंडात दोन दाणे टाकले, चावले. मग मागं वळल्या.

"दिनकरराव," त्या मोठ्यानं म्हणाल्या, मशीनपेक्षा मोठ्यानं, "ह्या म्हैन्यापासनं भाडं राजीच्या हातात द्यायचं. माझ्या खात्यावर भरायचं का, किती ठेवायचं, कुणाला किती द्यायचं, ते ती बघंल. मशीन माझं हाय. माझं हाय ते मी माझ्या हातानं द्यायलेय, ह्या सगळ्यांदेखत."

दिनकररावांनी मान डोलावली. उद्धवनं महारुद्रकडं पाहिलं, महारुद्रनं मशीनकडं.

"कळला का उपयोग?" धुरपताबाईंनी विचारलं.

 महारुद्रनं फुटलेल्या नारळातलं एक खांड उचललं, बहिणीच्या हातावर ठेवलं आणि बाहेर जाऊन पुन्हा मोटारसायकलवर बसला. पण किक मारली नाही. राजेश्रीनं ते खांड तोंडात टाकलं आणि कोपऱ्यातलं रिकामं पोतं उचलून डाळीखाली धरायला गेली.